थंड पाण्यातील ट्राउट आणि फ्लायचा गळ: वाचकांचे प्रश्न

हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्याविषयी गेल्या अंकात प्रसिद्ध झालेल्या प्रवासलेखात तेथील ट्राउट माशाचा आणि तो पकडण्याच्या ‘फ्लाय-फिशिंग’ या पद्धतीचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सर्वाधिक पत्रे साहित्याच्या चौकशीची होती. परंतु या छंदात रॉड-रीलच्या निवडीपेक्षा वाहते पाणी ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे उत्तरांचा कलही तिकडेच राहिला आहे.

प्रश्न: मी उजनीच्या जलाशयावर अनेक वर्षे कणकेचे आमिष लावून गळ टाकतो. फ्लाय-फिशिंगमध्ये नेमके वेगळे काय असते? माझ्या नेहमीच्या रॉडने फ्लाय टाकता येणार नाही का? (एक वाचक, पुणे)

आपण जलाशयावर गळ टाकता तेव्हा शिसे आणि कणकेची गोळी यांचे वजन पुढे झेपावते आणि नायलॉनची बारीक दोरी त्यामागून ओढली जाते. फ्लायच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. फ्लाय म्हणजे बारीकशा गळावर रेशमी दोरा, पिसे आणि प्राण्यांचे केस गुंडाळून बनवलेला कृत्रिम कीटक. त्याला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो कितीही जोराने भिरकावला तरी चार हातांच्या पलीकडे जाणार नाही. म्हणून येथे वजन दोरीत ठेवलेले असते. ट्राउटसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या लाइनीच्या, म्हणजे या जड दोरीच्या, पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते आणि हे वजन लांब, लवचिक रॉडच्या साहाय्याने हवेत उलगडत गेले की टोकाची फ्लाय त्याच्या मागोमाग जाऊन अलगद पाण्यावर उतरते. आपला नेहमीचा रॉड आखूड आणि ताठ असल्यामुळे तो या कामी येणार नाही.

फेक शिकताना बहुतेकांचे अडते ते मागच्या फेकीत. लाइन पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत हात थांबवावा लागतो आणि ती सरळ झाली की मगच पुढे आणावा लागतो. ही उसंत न देता घाई केली, तर लाइन आसुडासारखी कडाडते आणि टोकाची फ्लाय तुटून जाते. अंगणात किंवा मैदानावर, फ्लायच्या जागी लोकरीचा लहानसा गोंडा बांधून हा सराव करता येतो आणि नदीवर जाण्यापूर्वी तो अवश्य करावा. काठावर झाडी दाट असेल तेथे मागे फेकायला जागा नसते. अशा वेळी लाइन पाण्यावरच ठेवून तिचे वेटोळे पुढे लोटण्याची ‘रोल कास्ट’ ही फेक उपयोगी पडते. तीर्थनसारख्या झाडीच्या नदीवर मी तर म्हणेन की हीच फेक आधी शिकावी.

अगदी अरुंद ओढ्यांसाठी जपानमधील ‘तेनकारा’ पद्धतही विचारात घेण्यासारखी आहे. त्यात रील नसते. लांब, घडीच्या रॉडच्या टोकालाच ठरावीक लांबीची लाइन बांधलेली असते. खर्च कमी, साहित्य मोजके आणि लक्ष पूर्णपणे पाण्याकडे राहते, हे तिचे गुण नवशिक्याच्या सोयीचे आहेत.

प्रश्न: फ्लाय ही नेमक्या कोणत्या कीटकाची नक्कल असते? ट्राउटला ती खरी वाटावी इतकी हुबेहूब कशी करता येते? (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, ठाणे)

याचे उत्तर नदीतच मिळते. घोटाभर वाहत्या पाण्यातला, दोन्ही हातांत मावेल असा एखादा दगड अलगद उचलून उलटा करावा आणि त्याची ओली, निसरडी बाजू मिनिटभर पाहत राहावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकल्यासारखा वाटतो. तो चपट्या अंगाचा, तपकिरी जीव म्हणजे मेफ्लाय या नदीकाठच्या पंखवाल्या कीटकाचा निंफ, म्हणजे पंख फुटण्यापूर्वीची पाण्यातली अवस्था. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्र्यांसारखे कल्ले असतात, ते सतत हलत असतात आणि मागे बहुधा तीन बारीक तंतूंची शेपटी असते. शेजारी वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली लहानशी नळी दिसली, तर तिच्यात कॅडिस या दुसऱ्या कीटकाचा डिंभ (अळी) राहत असतो. दोनच शेपट्या, पायांच्या टोकांना दोन-दोन नख्या आणि पोटाच्या कडांना कल्ले नाहीत, असा दणकट जीव आढळला तर तो स्टोनफ्लाय या तिसऱ्या कीटकाचा निंफ होय. ट्राउटच्या रोजच्या खाण्यातला फार मोठा भाग या तीन गटांतून येतो.

मेफ्लायचे आयुष्य समजून घेतले की फ्लायचे निरनिराळे प्रकार का आहेत तेही उलगडते. तिच्या बहुतेक जातींत निंफ अनेक महिने, कित्येकदा वर्षभर, तळाशी राहतो. मग तो पृष्ठभागाकडे येतो, त्याची कातडी पाठीवर फाटते, त्यातून पंख असलेला कीटक बाहेर पडतो आणि पंख वाळेपर्यंत काही क्षण पाण्यावर तरंगत राहतो. तेथून उडून तो काठच्या झुडपावर बसतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतरही कात टाकणारा कीटकांचा आज हयात असलेला हा एकमेव गट आहे. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही. तिचे उरलेले आयुष्य काही तासांचे किंवा फार तर थोड्या दिवसांचे असते आणि अंडी घातल्यावर ती पंख पसरून पाण्यावर पडते. ट्राउट या प्रत्येक अवस्थेत तिला खातो, म्हणून फ्लायही प्रत्येक अवस्थेच्या बांधल्या जातात: तळाशी बुडणारी निंफ, पृष्ठभागात अडकलेली अर्धवट उमललेली फ्लाय, वर तरंगणारी ‘ड्राय फ्लाय’ आणि शेवटची पंख पसरलेली.

यांतली कोणती बांधायची हे निसर्गच सांगतो. स्टोनफ्लाय पाण्यात न उमलता दगडावर चढून कात टाकते. त्यामुळे प्रवाहातल्या मोठ्या धोंड्यांवर तिच्या रिकाम्या, कोरड्या काती चिकटलेल्या दिसल्या तर तो कीटक सध्या निघतो आहे, असे समजावे. पाण्यावर माशाने तोंड काढल्याची वर्तुळे दिसत नसतील तर ड्राय फ्लायचा हट्ट सोडून निंफ लावावी, कारण ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालीच खात असतो. मे-जूनच्या दुपारी काठच्या गवतातून नाकतोडे आणि मुंग्या पाण्यात पडतात, तेव्हा त्यांची नक्कल चांगली चालते.

हुबेहूबपणाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. प्रथम आकारमान जुळावे, मग ठेवण, मग पाण्यातली चाल. रंगाचा क्रमांक शेवटचा. रंगाने अचूक, पण प्रवाहाच्या उलट ओढली जाणारी फ्लाय ट्राउट नाकारतो आणि साधीशी तपकिरी फ्लाय पाण्याबरोबर मोकळी वाहत आली तर ती घेतो.

प्रश्न: मागच्या एप्रिलमध्ये तीर्थनवर परवाना काढून दोन दिवस प्रयत्न केला. पाणी निवळशंख होते, मासे डोळ्यांना दिसत होते, पण जवळ गेलो की नाहीसे होत. चूक कोठे झाली असावी? (एक वाचक, डोंबिवली)

आपल्याला मासे दिसत होते, त्याआधी माशांना आपण दिसला होतात, हेच बहुधा कारण असावे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटते आणि त्या शंकूबाहेर माशाला पृष्ठभागाच्या आरशात फक्त तळाचे प्रतिबिंब दिसते. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्त असतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी जेमतेम एक मीटर रुंद असते. खिडकीच्या कडेला, क्षितिजालगतच्या दहाएक अंशांतल्या वस्तू इतक्या दबलेल्या आणि अंधूक असतात की त्या माशाच्या लक्षात सहसा येत नाहीत. याचा व्यावहारिक अर्थ असा की साधारण १० मीटरवर माणूस उभा राहिला तरी चालते, परंतु ५ मीटरवर यायचे असेल तर गुडघे टेकूनच यावे लागते. काठाच्या उंच दगडावर चढून मासे न्याहाळणारा माणूस मात्र थेट खिडकीच्या मधोमध येतो.

दुसरी गोष्ट दिशेची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याच्या शेपटीमागचा पट्टा त्याला दिसत नाही. म्हणून खालच्या अंगाने वर चढत, प्रवाहाच्या उलट दिशेने फ्लाय टाकत जावे. पाय टाकतानाही जपावे. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेने माशाला पाण्यातली कंपने जाणवतात आणि पायाखाली घसरलेला एक गोटा डोहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आपली वर्दी देतो.

आता मासा कोठे शोधावा? त्याला वेगवान पाण्यातून वाहत येणारे अन्न हवे असते, पण त्या वेगाशी झुंजत राहण्याची शक्ती त्याला खर्च करायची नसते. म्हणून वेगवान धार आणि संथ पाणी जेथे एकमेकांना लागून वाहतात, ती सीमारेषा प्रथम पाहावी. ती पृष्ठभागावर फेसाच्या आणि पाचोळ्याच्या रेघेने ओळखता येते. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागची शांत जागा सर्वांना सुचते, पण धोंड्याच्या पुढच्या अंगालाही पाणी अडून एक मऊ जागा तयार होते आणि चांगला मासा पुष्कळदा तेथे उभा असतो. डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागते, त्या शेवटाकडे सकाळी आणि संध्याकाळी अवश्य पाहावे. खळाळत्या उथळ पाण्याला तर लोक उगाच वगळतात. तेथे पृष्ठभाग मोडलेला असल्यामुळे माशाची खिडकी धूसर होते आणि नवशिक्याला अधिक जवळ जाता येते.

हे सगळे जमूनही मासा फ्लाय घेत नसेल तर लाइनीकडे पाहावे. आपण आणि मासा यांच्यामध्ये वेगवान धार असेल, तर ती लाइनीचा मधला भाग खाली ओढते आणि फ्लाय अस्वाभाविक वेगाने घसरू लागते. फ्लाय पाण्यावर उतरताच रॉडच्या टोकाने लाइनीचा मधला भाग वरच्या अंगाला उचलून ठेवला, तर फ्लायला काही फूट मोकळे वाहता येते. तेवढे काही फूटच बहुतेक वेळा पुरेसे असतात.

प्रश्न: ट्राउट हा परदेशी मासा आहे, असे वाचले. तो हिमालयात आला कसा, आणि त्यामुळे तेथील मूळ माशांचे काय झाले? (एक गिर्यारोहक, कोल्हापूर)

आपण वाचले ते खरे आहे. आपल्या नद्यांतला ब्राउन ट्राउट मूळचा युरोप आणि त्याच्या लगतच्या प्रदेशांतला आणि रेनबो ट्राउट हा मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. जिवंत मासे समुद्रमार्गे उष्ण कटिबंधातून आणणे अशक्य होते. मार्ग निघाला तो अंड्यांमुळे. ओल्या शेवाळात ठेवून बर्फाच्या गारव्यात सांभाळलेली अंडी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, कारण ट्राउटच्या गर्भाची वाढ पाण्याच्या तापमानावर चालते: १० अंश सेल्सिअसला जी अंडी सुमारे सहा आठवड्यांत उबतात, त्यांना ५ अंशांत जवळपास दुप्पट काळ लागतो. १८६४ मध्ये याच युक्तीने सामन आणि ट्राउट यांची अंडी इंग्लंडहून टास्मानियाला पोहोचली. काश्मीरसाठी १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी पाठवलेली अंडी वाटेतच नासली, परंतु १९०० मध्ये दुसरी खेप तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी या कामात पुढाकार घेतला आणि हारवन येथे पैदास सुरू झाली. काश्मीरमधून १९०९ मध्ये कुलूला अंडी नेण्यात आली आणि बियास नदीच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट स्थिरावला. आज तीर्थनमध्ये जो ट्राउट गळाला लागतो, तो या खेपांचाच वंशज आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे आणि छंदाच्या प्रेमापोटी तो टाळता कामा नये. ब्राउन आणि रेनबो या दोन्ही ट्राउटांची गणना जगातील १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत होते. हिमालयाच्या नद्यांत ‘स्नो ट्राउट’ या नावाने ओळखले जाणारे मूळ मासे आहेत. नावात ट्राउट असला तरी ते कार्पच्या कुळातले, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातले आहेत; बरेचसे दगडांवरचे शेवाळ खरवडून खातात. ब्राउन ट्राउट त्यांची पिल्ले खातो आणि थंड, स्वच्छ वरच्या पाण्यात जागेसाठी त्यांच्याशी स्पर्धाही करतो. शिवाय त्यांच्यावर धरणे, वाळूउपसा आणि मैलापाणी यांचे ओझे आहेच. शतकाहून अधिक काळ रुजलेला मासा आता नदीतून वेचून काढणे शक्य नाही. परंतु जेथे ट्राउट अजून पोहोचलेला नाही अशा ओढ्यांत व तलावांत तो नव्याने सोडू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गळाला स्नो ट्राउट लागला तर तो तत्काळ आणि अधिक काळजीने परत सोडावा.

प्रश्न: मग महाबळेश्वरच्या किंवा कोयनेच्या थंड पाण्यात ट्राउट का सोडला गेला नाही? (एक वाचक, सातारा)

कारण ते पाणी आपल्याला थंड वाटते, ट्राउटला नाही. ब्राउन ट्राउटला साधारण ८ ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर तो खाणे कमी करू लागतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. यामागे प्राणवायूचे गणित आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २५ अंशांच्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅमच, आणि पाणी जसजसे तापते तसतशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. सह्याद्रीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. आपले बहुतेक डोंगरी ओढे त्याहून बरेच खालून वाहतात, उन्हाळ्यात आटतात आणि उरलेले डोह तापतात. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच माळांवर, जेथे २,००० मीटरच्या आसपास बारमाही थंड पाणी आहे, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी रेनबो ट्राउट रुजवला गेला; ब्राउनपेक्षा तो थोडी अधिक ऊब सोसतो.

आपल्याकडच्या नद्यांचा मानकरी मासा महसीर आहे. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याचे पैदास केंद्र अनेक दशके चालू आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीच्या नावाने राखलेले महसीर गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपले आहेत. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. परंतु निवळ पाण्यात मोठा मासा कसा उभा राहतो, प्रवाहात कसा वळतो आणि अन्न कसे टिपतो, हे काठावर बसून पाहायला त्याहून चांगली जागा जवळपास नाही.

प्रश्न: मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुलूकडे जाणार आहोत. फ्लाय-फिशिंगसाठी हा काळ योग्य आहे का? परवाना, साहित्य आणि सुरक्षितता याविषयी सांगावे. (एक वाचिका, नागपूर)

काळ योग्य आहे, पण नदी निवडताना विचार करावा. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, म्हणजे माशांच्या विणीच्या काळात, मासेमारीला बंदी असते. मार्च-एप्रिल उत्तम, मे-जूनमध्ये ऊन वाढले की हिमनद्यांवर पोसलेल्या मोठ्या नद्या दुपारनंतर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने राखाडी होतात आणि माशाला फ्लाय दिसत नाही. त्यामुळे सकाळच्या वेळा गाठाव्यात आणि तीर्थनसारख्या तुलनेने निवळ राहणाऱ्या नद्यांना पसंती द्यावी. जुलै-ऑगस्टचा पावसाळा सोडून द्यावा. त्यानंतर सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ पुन्हा सुरेख असतो. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो आणि शुल्क, किती मासे ठेवता येतील, किमान लांबी किती असावी, हे नियम त्याच वेळी विचारून घ्यावेत. काश्मीरमध्ये नद्यांचे ‘बीट’ नावाचे टप्पे पाडलेले असतात व परवाना त्या-त्या बीटसाठी मिळतो.

पहिल्या खेपेला साहित्य विकत घेऊ नये. तीर्थन खोऱ्यात ते भाड्याने मिळू शकते. घ्यायचेच झाले तर साडेआठ-नऊ फुटी, चार किंवा पाच क्रमांकाचा रॉड, नऊ फुटांचा लीडर (लाइनीच्या टोकाला जोडायची निमुळती, पारदर्शक दोरी), त्यापुढे ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचा टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा) आणि १२ ते १६ क्रमांकाच्या गळांवरच्या थोड्या फ्लाय एवढे पुरते. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात ठेवावे. पोलरॉइड चष्मा मात्र प्रत्येकाला हवाच, मुलांनाही: पाण्यावरची चमक कापली जाऊन तळ दिसतो आणि हवेत फिरणाऱ्या गळापासून डोळे वाचतात.

सुरक्षिततेविषयी माझी विनंती आहे की पुढील मजकूर घरातल्या प्रत्येकाने वाचावा. ८ जून २०१४ रोजी बियास नदीवर थलोट येथे लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नदीपात्रातल्या दगडांवर उभे राहून छायाचित्रे काढत होते आणि पाणी पाहता पाहता चढले. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या पात्रात, ते कितीही कोरडे आणि शांत दिसले तरी, मुलांना उतरू देऊ नये. धरण नसलेल्या नदीवरसुद्धा वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. निवळ पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज बदलला, की सामान आवरण्यातही वेळ न घालवता काठ गाठावा. पाण्यात उतरायचेच असेल तर हातात काठी घ्यावी, गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये आणि मुलांना काठावरूनच फेक शिकवावी.

प्रश्न: मासा खायचा नसेल तर त्याला गळाला लावून पुन्हा सोडणे, हा त्या जिवाचा निष्कारण छळ नाही का? (एक वाचक, मुंबई)

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे. माशाला काही जाणवत नाही, असे एकेकाळी सर्रास म्हटले जाई. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजेला प्रतिसाद देणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशाला माणसासारखी वेदना होते का, यावर अजून वाद आहे, पण त्याला काहीच होत नाही असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी गळ टाकू नये. नदीकाठी बसून माशांकडे आणि कीटकांकडे पाहण्यातही या छंदाचा मोठा भाग हाती लागतो.

जे गळ टाकतात त्यांच्यावर मात्र जबाबदारी येते आणि ती कशी पाळायची याचा प्रयोगसिद्ध आधार उपलब्ध आहे. १९९२ मध्ये कॅनडात झालेल्या एका प्रयोगात दमवलेले रेनबो ट्राउट तसेच पाण्यात ठेवले तेव्हा बारा तासांनंतर ८८ टक्के जगले. ३० सेकंद हवेत धरले तेव्हा ६२ टक्के, आणि ६० सेकंद धरले तेव्हा केवळ २८ टक्के. हातात मासा घेऊन निवांत छायाचित्र काढण्याची किंमत काय असते, ते या आकड्यांवरून समजते. म्हणून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करावा, मासा फार वेळ खेळवू नये, हात ओले करूनच त्याला स्पर्श करावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो, आणि शक्यतो तो पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतः निसटेपर्यंत थांबावे. सोबत साधा तापमापक ठेवावा. पाणी २० अंशांवर गेले की सोडलेला मासाही वाचण्याची खात्री नसते, त्यामुळे त्या दिवशी रॉड बांधून ठेवावा.

ट्राउट खाण्याला माझा विरोध नाही. हिमाचलमध्ये पतलीकुहल येथे नॉर्वेच्या सहकार्याने उभे राहिलेले ट्राउट केंद्र आणि आता खोऱ्याखोऱ्यांतील शेतकऱ्यांची तळी येथे रेनबो ट्राउट वाढवला जातो. ताटात तो घ्यावा. नदीतला मोठा ब्राउन ट्राउट पुष्कळदा विणीची मादी असते आणि तिला परत सोडल्यानेच त्या पाण्यात पुढच्या वर्षी मासे राहतात.

प्रश्न: परदेशी लोक फ्लाय बांधताना राखी रानकोंबड्याची पिसे वापरतात, असे ऐकले. आमच्या भागात हा पक्षी आहे. जंगलात गळून पडलेली पिसे गोळा करून वापरली तर चालतील का? (एक वाचक, सावंतवाडी)

कृपया करू नये. रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात आणि त्यांच्यासाठी एकेकाळी या पक्ष्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होऊन पिसे भारताबाहेर गेली. आज तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पीस गळालेले होते की पक्षी मारून काढलेले, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही, म्हणून मागणीच निर्माण न करणे बरे.

फ्लाय बांधण्यासाठी घरगुती कोंबड्याचे पीस उत्तम चालते आणि भारतीय कोंबड्यांच्या मानेची पिसे जगभरचे लोक आवडीने वापरत आले आहेत. गावठी कोंबड्याच्या मानेवरचे तांबूस-तपकिरी, चकाकणारे, ताठ तंतूंचे पीस निवडावे. १४ क्रमांकाच्या गळावर पिसाच्या चार-पाच तंतूंची शेपटी बांधावी, तपकिरी रेशमी दोऱ्याचे निमुळते अंग करावे आणि पुढच्या बाजूला पिसाचे तीन-चार वेढे घेऊन गाठ मारावी. पहिल्या फ्लायमध्ये सगळ्यांचे पीस गळाच्या नेढ्यापर्यंत सरकते आणि मग टिपेट ओवायला जागा उरत नाही, म्हणून नेढ्यामागे दोन मिलिमीटर गळ सुरुवातीपासूनच उघडा ठेवावा.